कळ दाबतांच सुटणारें औषध

औषध घेणें ही गोष्ट आपणां सर्वांस इतकी सोपी वाटते कीं, तींत कांहीं शोधून काढण्यासारखें उरलें असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गोळी तोंडांत टाकावी, वर घोटभर पाणी प्यावें, कीं झालें. परंतु गिळलेल्या गोळीचें पुढें काय होतें हें नीट पाहिलें, तर औषध देण्याचें काम आजवर किती ओबडधोबड रीतीनें चाललें आहे हें ध्यानांत येईल. आजच्या भाषणांत ज्या पदार्थांविषयीं मला सांगावयाचें आहे ते प्लॅस्टिकच्या कुळांतले असूनही त्यांतून वीज वाहते, आणि त्यांच्या पोटांत सांठविलेलें औषध विजेची कळ दाबतांच बाहेर येतें. विषय नवा आहे, नांवें बहुतेक परकीं आहेत. पण त्यांतील मर्म आपल्या घरांतल्या आणि शिवारांतल्या उदाहरणांनीं सांगतां येण्याजोगें आहे.

प्रथम एका मुलाची हकीकत सांगतों, कारण या विषयाकडे माझें लक्ष त्याच्यामुळेंच वळलें. जामखेड तालुक्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक असतांना माझ्या वर्गांत फेफऱ्याचा विकार असलेला एक मुलगा होता. एके दिवशीं भूगोलाच्या तासाला तो बसल्या जागेवरून कोसळला, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेंस आला. आणि वर्गांतल्या मुलांनीं, घरच्या वडीलधाऱ्यांचें पाहून, कोणी चप्पल तर कोणी डब्यांतला कांदा त्याच्या नाकाशीं नेऊन धरला. चपलेनें किंवा कांद्यानें फेफरें थांबत नाहीं. तें बहुधा दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतें आणि श्रेय मात्र चपलेला मिळतें. पुढें डॉक्टरांनीं त्याला रोजच्या गोळ्या सुरू केल्या. झटके जवळजवळ बंद झाले. परंतु मुलगा वर्गांत पेंगूं लागला. मीं त्याला आळशी ठरविलें आणि एक-दोन वेळां सबंध तासभर उभें केलें. ती पेंग गोळीची होती, मुलाची नव्हती, हें मला कोणी सांगितलें नाहीं आणि मींही कोणाला विचारलें नाहीं. आज तें आठवलें म्हणजे मनाला लागतें.

गोळी त्याला पेंग कां आणीत होती? ती पोटांत विरघळते, आंतड्यांतून रक्तांत जाते, आणि रक्त तिला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र नेतें. विकाराचें मूळ पुष्कळदां मेंदूच्या एखाद्या बोटभर भागांत असतें. औषध मात्र साऱ्या मेंदूला आणि साऱ्या देहाला मिळतें. आमच्या दुष्काळी मुलुखांत एका लिंबाच्या रोपासाठीं कोणी सारें रान भिजवूं लागला तर लोक त्याला वेडा म्हणतील; म्हणून तर ठिबकची नळी रोपाच्या बुडाशीं नेऊन ठेवतात. औषधाच्या बाबतींत आपण अजून पाट फोडूनच पाणी देत आहोंत. शिवाय वेळेची अडचण आहे. गोळी घेतल्यावर रक्तांतील औषधाचें प्रमाण चढतें, मग यकृत आणि मूत्रपिंड तें हळूहळू काढून टाकतात आणि प्रमाण उतरतें. एका रेषेच्या खालीं तें गेलें तर गुण नाहीं, दुसऱ्या रेषेच्या वर गेलें तर अपाय. फेफऱ्यावरील फेनिटॉइन या जुन्या औषधाच्या बाबतींत या दोन रेषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत कीं, मात्रा थोडी वाढली तरी रोग्याचे डोळे थरथरूं लागतात आणि चालतांना त्याचा तोल जातो.

याखेरीज आणखी एक अडचण आहे, ती आमच्या भागाची. जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या पट्ट्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, तीं उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. त्या मुलाचे आईबापही जात आणि त्याला बरोबर नेत. एका वर्षीं नेलेल्या गोळ्या मध्येंच संपल्या. कारखान्याच्या तळापासून दवाखाना दूर, तोडीचा खाडा परवडणारा नाहीं, आणि 'आतां कुठं झटके येत्यात' ही घरच्यांची समजूत! फेफऱ्याची गोळी एकाएकीं बंद केली तर झटके पहिल्यापेक्षां जोरानें उलटूं शकतात. तसेंच झालें. मुलगा चुलीपाशीं असतांना झटका आला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पोर वांचलें.

तेव्हां औषधासंबंधींचे खरे प्रश्न हे कीं, तें किती द्यावें, केव्हां द्यावें आणि कोठें द्यावें. गोळी पहिल्याचें उत्तर बऱ्यापैकीं देते, दुसऱ्याचें अर्धवट देते आणि तिसऱ्याचें मुळींच देत नाहीं. या प्रश्नांचीं उत्तरें विजेकडून मिळवितां येतील काय, हा विचार मात्र आजकालचा नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टेफान लदूक या फ्रेंच शास्त्रज्ञानें दोन सशांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर आहे, पण तत्त्व इतक्या स्पष्टपणें दाखविणारा दुसरा मला ठाऊक नाहीं. दोन्ही ससे एकाच विद्युन्मंडलांत असे जोडले कीं, वीज एकाच्या अंगांतून जाऊन मग दुसऱ्याच्या अंगांतून जावी. पहिल्या सशाच्या कातडीवर धन ध्रुवाखालीं एक गादी ठेवली. ती कुचल्याचें विष जें स्ट्रिक्नीन त्याच्या क्षाराच्या द्रावणांत भिजविलेली होती. दुसऱ्या सशाच्या कातडीवर ऋण ध्रुवाखालीं सायनाइडच्या द्रावणांत भिजविलेली गादी ठेवली. सुई कोठें नाहीं, जखम कोठें नाहीं. वीज सुरू केल्यावर पहिला ससा आंचके येऊन मेला आणि दुसरा सायनाइडनें मेला. नंतर ध्रुवांची अदलाबदल करून तोच प्रयोग दुसऱ्या जोडीवर केला, तेव्हां दोन्ही ससे सुखरूप राहिले.

याचा उलगडा शाळेंतल्या पुस्तकांत आहे. कित्येक क्षार पाण्यांत विरघळले म्हणजे त्यांचे विद्युद्भारित कण होतात. त्यांस शास्त्रज्ञ आयन म्हणतात. कांहींवर धन भार असतो, कांहींवर ऋण. समान भार एकमेकांस दूर लोटतात. स्ट्रिक्नीनचे कण धन, म्हणून धन ध्रुवानें त्यांस कातडींत लोटलें. सायनाइडचे ऋण, म्हणून ऋण ध्रुवानें लोटलें. ध्रुव उलटे केल्यावर जो तो कण आपल्या ध्रुवाकडे ओढला जाऊन गादींतच राहिला. मोरचुदाच्या पाण्यांत दोन तारा सोडून एका तारेवर तांबें चढतांना मी मुलांना दाखवीत असें. तोच हा खेळ, फक्त भांड्याच्या जागीं ससा. याच युक्तीनें १९५९ सालीं गिब्सन आणि कुक या अमेरिकन डॉक्टरांनीं पायलोकार्पीन नांवाचें घाम आणणारें औषध मुलांच्या कातडींत शिरवून घाम तपासण्याची रीत बसविली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराची परीक्षा आजही तिनेंच होते.

परंतु कातडी हा शरीराचा कोट आहे, आणि तो बाहेरच्यास सहज आंत येऊं देत नाहीं. लहान आणि भारित कणच काय ते विजेच्या लोटण्यानें शिरतात, तेही थोडे. मोठें औषध बाहेरच राहतें. आणि जें शिरतें तेंही शेवटीं रक्तांत मिसळून सर्वत्र जातें. मग दुसरी कल्पना पुढें आली. औषधाचें कोठारच शरीराच्या आंत, जेथें गरज आहे तेथें ठेवावें आणि विजेनें फक्त त्याचें दार उघडावें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील सान्तिनी, सीमा आणि लँगर यांनीं १९९९ सालीं सिलिकॉनच्या एका लहानशा चकतींत ३४ सूक्ष्म कोठारें कोरलीं आणि प्रत्येकाच्या तोंडावर सोन्याचा पापुद्रा बसविला. वीज दिली कीं त्या कोठाराचें सोनें विरघळे आणि आंतील द्रव्य बाहेर पडे. अशा जातीच्या यंत्राचा डेन्मार्कमध्यें आठ स्त्रियांवर झालेला प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. हाडें ठिसूळ होण्याच्या विकारावर जें औषध रोज टोंचून घ्यावें लागतें तें कातडीखालीं बसविलेल्या यंत्रानें, बाहेरून आलेल्या बिनतारी संदेशाबरहुकूम, दिवसाला एक मात्रा याप्रमाणें वीस दिवसांपर्यंत सोडलें. कल्पना उत्तम खरी. परंतु सोन्याचें हें दार एकदां उघडलें कीं उघडलें. पुन्हां मिटावयाचें नाहीं. मात्रा कमी-अधिक करणें, निम्म्यावर थांबविणें, हें त्यांत नाहीं.

उघडून पुन्हां मिटणारें दार हवें असेल तर त्यासाठीं पदार्थही तसाच जिवंतपणा असलेला पाहिजे. तो ज्या मार्गानें सांपडला तो मार्ग मोठा मौजेचा आहे.

प्लॅस्टिकमधून वीज जात नाहीं, हें आपण सर्व जाणतों. तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचें वेष्टण त्यासाठींच असतें. प्लॅस्टिक, रबर, कापसाचा धागा हे सर्व बहुवारिक पदार्थ, ज्यांस इंग्रजींत पॉलिमर म्हणतात. झेंडूच्या माळेंत एकासारखें एक फूल ओंवावें तसे यांच्या रेणूंत एकासारखे एक घटक हजारोंनीं ओंवलेले असतात. जपानमधील हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत १९६७ सालीं पॉलिॲसिटिलीन नांवाचा असा एक पदार्थ बनवीत असतां चुकून एक द्रव्य पाहिजे होतें त्याच्या हजारपट अधिक पडलें, आणि भांड्यांत रुपेरी पापुद्रा जमला. दशांशचिन्हाची जागा चुकली म्हणून मीं शेंकडों मुलांचे गुण कापले असतील. येथें तसल्याच चुकीनें नोबेल पारितोषिकाची वाट उघडली. १९७७ सालीं शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांनीं दाखविलें कीं, त्या पापुद्र्यास आयोडिनची वाफ दिली तर त्याची वीज वाहण्याची शक्ति सुमारें एक कोटी पटीनें वाढते. २००० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळालें.

याच कुळांतला दुसरा पदार्थ पॉलिॲनिलीन. हें नांव परकें वाटलें तरी त्याच्या पोटांत आपला 'नील' शब्द दडलेला आहे. १८२६ सालीं उनफरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञानें निळीचें ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव काढला. निळीस पोर्तुगीज भाषेंत 'अनिल' म्हणतात, त्यावरून पुढें या द्रवाला ॲनिलीन हें नांव पडलें; आणि तो पोर्तुगीज शब्द अरबीच्या वाटेनें आपल्या नीलापर्यंत येऊन पोंचतो. १८६२ सालीं लंडनमध्यें लेथबी यांनीं ॲनिलीनच्या क्षारांतून वीज सोडून ध्रुवावर निळसर थर जमविला होता; पण तो थर कोणत्या योग्यतेचा आहे हें जगाला कळावयास शंभरावर वर्षें गेलीं. औषधाच्या कामीं मात्र या दोघांपेक्षां पॉलिपिरोल या तिसऱ्या भावंडाचा उपयोग अधिक झाला आहे. हा काळा पापुद्रा असतो आणि पाण्यांत सौम्य विजेनें धातूवर जमवितां येतो.

आतां या माळेंतून वीज कशी वाहते? आषाढीला पंढरपुरास दर्शनाची बारी लागलेली आपण पाहिली असेल. माणसाला माणूस इतका चिकटलेला असतो कीं कोणालाच हलतां येत नाहीं. मध्येंच एक जण बारींतून बाहेर पडला कीं मागचा पुढें सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागीं येतो, आणि ती रिकामी जागा बारीच्या शेवटापर्यंत प्रवास करीत जाते. पॉलिपिरोलच्या माळेंतील विद्युत्कणांचें, म्हणजे इलेक्ट्रॉनांचें, असेंच आहे. माळेंतून कांहीं विद्युत्कण काढून घेतले कीं रिकाम्या जागा उत्पन्न होतात आणि वीज वाहूं लागते. आयोडिनची वाफ पॉलिॲसिटिलीनमध्यें हेंच काम करते.

विद्युत्कण हा ऋण भाराचा असतो. तो गेला म्हणजे माळेवर धन भार उरतो, आणि तो भरून काढण्यासाठीं शेजारीं एखादा ऋण कण येऊन बसावा लागतो. आमच्या विषयाची किल्ली येथें आहे. हा ऋण कण साधा क्षार न घेतां औषधाचाच घेतला तर? सावकार जसा दिलेल्या पैशाच्या बदल्यांत दागिना गहाण ठेवून घेतो, तशी ही माळ गेलेल्या विद्युत्कणांच्या बदल्यांत औषधाचे कण गहाण ठेवून घेते. विद्युत्कण परत केले नाहींत तोंवर गहाण सुटत नाहीं. उलट बाजूनें थोडी वीज दिली, विद्युत्कण माळेस परत मिळाले, कीं औषध मोकळें होऊन भोंवतालच्या पाण्यांत उतरतें. जितकें कर्ज फिटेल तितकेंच गहाण सुटतें. वीज थांबविली कीं सुटणेंही थांबतें. व्याजाचा प्रश्न येथें नाहीं, एवढ्यापुरती ही माळ आपल्या सावकारापेक्षां भली म्हणावयाची. औषधाचा कण ऋण नसून धन असेल तर युक्ति थोडी फिरवावी लागते. पापुद्र्यांत आधींच असा एक मोठा ऋण रेणु अडकवून ठेवतात कीं ज्याला दारांतून बाहेर पडतां येत नाहीं. मग विद्युत्कण परत दिले असतां तोल राखण्यासाठीं धन औषध आंत ओढलें जातें आणि ते काढून घेतले असतां बाहेर लोटलें जातें. या देवघेवींत पापुद्रा भिजत घातलेल्या डाळीप्रमाणें किंचित् फुगतो आणि पुन्हां आकसतो. त्या फुगण्या-आकसण्याचाही औषध पिळून काढण्यास उपयोग होतो.

यास लागणारी वीज किती, तर एका व्होल्टच्या आसपास. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो. याहून फार अधिक देणेंही बरें नव्हे, कारण १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचेंच विघटन होण्याचा संभव उत्पन्न होतो, आणि शरीरांत वायूचे बुडबुडे कोणास नको आहेत.

हें प्रथम करून दाखविलें तें झिंगर आणि मिलर यांनीं, अमेरिकेंत, १९८४ सालीं. त्यांनीं ग्लुटामेट हें मज्जातंतूंचें एक द्रव्य पॉलिपिरोलच्या पापुद्र्यांतून विजेच्या हुकुमानें सोडविलें. २००६ सालीं पिट्सबर्ग येथें याच पापुद्र्यांत डेक्सामेथासोन हें दाह शमविणारें औषध भरण्यांत आलें. मेंदूंत बसविलेल्या धातूच्या तारेभोंवतीं सूज येऊन कांहीं दिवसांनीं तार निकामी होते. तारेवरच औषधाचा लेप असला आणि लागेल तेव्हां तो थोडाथोडा सुटला तर ती टिकावी, हा हेतु. २०१२ सालीं स्टॅनफर्ड येथील झेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पॉलिपिरोलचे अतिसूक्ष्म कण एका लोळदार द्रवांत मिसळून उंदराच्या कातडीखालीं टोंचले. तो द्रव थंड असतां पातळ आणि देहाच्या उष्णतेनें घट्ट होणारा होता, म्हणून कण जागच्या जागीं राहिले. मग बाहेरून सौम्य विद्युत्क्षेत्र लावलें कीं तेथेंच औषध सुटे. तार आंत नेण्याचेंही कारण नाहीं.

आपल्या जवळपासही या पदार्थांचा अभ्यास झालेला आहे. छत्रपति संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांत पॉलिपिरोल आणि पॉलिॲनिलीन यांच्या पापुद्र्यांवर काम झालें आहे. तेथील उद्देश औषध सोडणें हा नसून वायु, साखर इत्यादि पदार्थ ओळखणारे संवेदक बनविणें हा आहे. पण विचार केला तर हें काम या विषयाची दुसरी बाजूच आहे. औषध सोडणारा पापुद्रा हा हात असेल, तर रक्तांतली साखर ओळखणारा पापुद्रा हा डोळा आहे, आणि डोळ्याशिवाय हाताला केव्हां उघडावें हें कळणार कसें?

हात आणि डोळा एकत्र आणलेला एक प्रयोग माझ्या त्या विद्यार्थ्याच्याच रोगाचा आहे. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठांत २००७ पासून आयनांचा पंप म्हणतां येईल असें एक साधन तयार होत आलें आहे. त्यांतून पाणी वाहत नाहीं. वीजवाहक पॉलिमरच्या साह्यानें फक्त औषधाचे भारित कण पलीकडे जातात, त्यामुळें नाजूक अवयवांत पाण्याचा दाब वाढत नाहीं. २०१५ सालीं त्यांनीं अशा पंपानें उंदराच्या जातीच्या प्राण्यांत पाठीच्या कण्यापाशीं औषध सोडून वेदना कमी केल्या. हेंच तत्त्व घेऊन केंब्रिज आणि फ्रान्समधील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांच्या मेंदूंत एक बारीक सळई बसविली. जेथून झटका उठतो तेथेंच तिचें टोंक. तीच सळई मेंदूंतील विजेच्या लहरी टिपते आणि तीच गाबा नांवाचें, मेंदूंत निसर्गतःच असलेलें, खळबळ शांत करणारें द्रव्य सोडते. उंदरांत झटके मुद्दाम एका रसायनानें उत्पन्न केले होते. गाबा वेळेवर सुटलें तेव्हां ते झटके दबले. साऱ्या मेंदूला गुंगी देण्याचें कारण पडलें नाहीं. हें वाचलें तेव्हां तासभर उभा राहिलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आला.

तथापि श्रोत्यांनीं उद्यांच हें दवाखान्यांत मिळेल अशी आशा धरूं नये. वीजवाहक पॉलिमरमधून औषध सोडणारें साधन अजून प्रयोगशाळेच्या कक्षेंतच आहे. पापुद्रा केसाहून पातळ, त्यामुळें त्यांत मावणारें औषध फार थोडें. जें औषध रोज शेंकडों मिलिग्रॅम लागतें त्याचें हें काम नव्हे. ज्याचा कणभर अंशही नेमक्या जागीं पुरतो त्याचेंच आहे. पुन्हां हा सावकार नेहमींच गहाण नीट राखतो असें नाहीं. कर्ज फिटण्यापूर्वींच थोडें औषध झिरपून जातें. पापुद्रा शेंकडों वेळां फुगला-आकसला कीं त्यास तडे जातात. आणि काम संपल्यावर पॉलिपिरोल शरीरांत विरघळून जात नाहीं, तो तसाच राहतो. म्हणून विरघळणाऱ्या पदार्थांशीं त्याची जोड घालण्याचे प्रयत्न चालू आहेत.

परंतु मला या सर्वांहून मोठी वाटणारी अडचण रसायनाची नाहीं. दाराला कळ बसविली म्हणजे ती कळ चुकून उघडण्याचा प्रश्न येतोच. वीजवाहक पॉलिमरचीं नव्हेत, पण विजेनें कातडींतून औषध देणारीं दोन साधनें परदेशांत विक्रीस आलीं होतीं, त्यांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठीं फेंटॅनिल हें अफूच्या वर्गांतलें अति जालीम औषध देणारें एक यंत्र रोग्यानें स्वतः कळ दाबून चालवावयाचें होतें. त्याच्या एका भागाला गंज चढून कळ न दाबतांच औषध सुटेल अशी भीति निघाली, आणि २००८ सालीं तें युरोपांतील बाजारांतून परत घेण्यांत आलें. अर्धशिशीवरील एका पट्टीस अमेरिकेंत २०१३ सालीं मंजुरी मिळाली, आणि कातडी भाजल्याच्या व व्रण राहिल्याच्या तक्रारींवरून २०१६ सालीं तिची विक्री थांबवावी लागली. फेफऱ्याची गोळी जास्त झाली तर मुलगा पेंगतो. मेंदूंतील सळई चुकीच्या वेळीं उघडली तर काय होईल, याचा विचार आधीं झाला पाहिजे.

आणि यंत्र निर्दोष असलें तरी त्याचा सेल केव्हां संपतो, कोठार केव्हां रिकामें होतें, हें कोणीतरी पाहिलें पाहिजे. यासंबंधीं आमच्या जामखेडास कांहीं सांगण्याचा अधिकार आहे असें मी समजतों. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेडांत सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनीं गांवांनींच निवडलेल्या बायकांना, ज्यांपैकीं कित्येक निरक्षर होत्या, आरोग्याचें शिक्षण दिलें. कोणाच्या घरीं क्षयाची गोळी चुकते, कोणती बाळंतीण अडली आहे, हें त्या बाईला घरोघर फिरून ठाऊक असे. या कामाबद्दल १९७९ सालीं त्या दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि बाहेरच्या देशांतून डॉक्टर तें पाहावयास येऊं लागले. तिथें जें घडलें त्यांत विजेची कळ नव्हती. औषध वेळेवर पोंचावें यासाठीं एक माणूस नेमलेलें होतें. उद्यां मेंदूंत किंवा कातडीखालीं औषधाचें कोठार बसलें, तरी उसाच्या फडावर पाल टाकून राहणाऱ्याचें कोठार कोण पाहणार, हें ठरवावेंच लागेल. ज्या घरीं आठ-आठ तास वीज नसते तेथें यंत्राचा सेल कसा भरावयाचा, हेंही त्यांतच आलें.

तो मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेलेला संसारी गृहस्थ आहे, आणि एका टोळीचा मुकादम आहे. दसऱ्याच्या आधीं आठवड्याच्या बाजारांत भेटला. भाजलेल्या हाताची कातडी अजून आंखडलेली आहे. चहा घेतां घेतां मीं त्याला उंदरांच्या त्या प्रयोगाची हकीकत सांगितली, आणि वर्गांत उभें केल्याबद्दलही जें बोलावयाचें राहिलें होतें तें बोललों. तो हंसला, म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला तरी काय ठावं होतं?" मग त्यानें नेमके प्रश्न विचारले.

"ती सळई डोक्यांत घालायची म्हंजी कवटीला भोक पाडावं लागल न्हवं?"

"लागेल."

"आन् आंतलं औषध संपलं म्हंजी?"

"पुन्हां भरावें लागेल. तें कसें, याचाच शोध चालू आहे."

"मग माझ्या हयातींत तरी गोळीच."

"गोळीच," मी म्हणालों, "आणि ती एक दिवसही बंद ठेवूं नकोस."

त्यानें पिशवींतून वही काढली. टोळींतल्या कोणाला किती उचल दिली याचा हिशेब त्या वहींत होता. शेवटचें पान उलटून त्यानें माझ्यापुढें धरलें. त्यावर तीन नांवें होतीं, पहिलें त्याचें स्वतःचें. आणि प्रत्येक नांवापुढें बरोबर किती गोळ्या घेतल्या, त्या कोणत्या तारखेस संपतील, आणि त्या सुमारास टोळी कोणत्या कारखान्यावर असेल, हें शिसपेन्सिलीनें लिहिलेलें होतें.